बासरीच्या बेचाळीस नळ्या

सोमवार, ३ फेब्रुवारी

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. गुडघा धरलेला असल्यामुळे प्रत्यक्षात सातच अंगं टेकली आहेत. आठवं येणं बाकी समज.

पत्रास कारण, एक खुर्ची. चर्चच्या समितीने मला लिहायला म्हणून ऑर्गनच्या मागच्या खोलीत एक टेबल आणि एक खुर्ची दिली आहे. टेबलाबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते मुकं आहे. खुर्ची मात्र बोलते. पुढे झुकलो की एक स्वर, मागे रेललो की दुसरा, आणि विचार करायला म्हणून एका कुशीवर कललो की दोन्ही एकदम, तेही सवतींसारखे. मी लेखी तक्रार केली. चिटणीस म्हणाले, "सर, एकशे चौदा वर्षांत या खुर्चीबद्दल ही पहिलीच तक्रार." मी म्हणालो, "कारण एकशे चौदा वर्षांत इथे बसून विचार करणारा मी पहिलाच." त्यावर त्यांनी तेलाची बाटली पाठवली. तेल घातल्यापासून ती अधिक मोकळ्या गळ्याने कुरकुरते. तू असतीस तर एका क्षणात सांगितलं असतंस की हा स्वर कोणता आणि किती चढा. मला एवढंच कळतं की कुरकुरते.

नमनालाच घडाभर तेल झालं, तेही खुर्चीला. आता मुद्दा.

ऑर्गन दुरुस्तीला काढल्याचं तुला मागच्या पत्रात कळवलंच होतं. आता तो पूर्ण उघडला आहे. नळ्या चादरींवर ओळीने आडव्या मांडल्या आहेत, दवाखान्यातल्या रांगेसारख्या, तुला घरच्यासारखं वाटेल. ३० मार्चला तो पुन्हा वाजायचा आहे आणि त्या दिवशी हातात द्यायला त्याच्या इतिहासाची एक चोपडी हवी आहे. कुणी लिहावी यावर समितीत खल झाला. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या जुन्या ट्यूनरचा मुलगा आहे, शिवाय कॉलेजात संस्कृत शिकवतो. बोलत नसलेल्या गोष्टींशी त्याचं बरं जमतं." मी होकार दिला. स्तुती कोणत्या बाजूने घ्यायची हे आपल्या हातात असतं.

इतिहास मोठा गमतीचा आहे. वाद्य मालगाडीने आलं, पेट्यांतून. यादीत पेट्या तेवीस, उतरल्या बावीस. तेविसावी कुठे गेली हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. त्या पेटीत दर्शनी भागाच्या डाव्या बाजूच्या नऊ नळ्या होत्या. उद्घाटन पंधरा दिवसांवर. मग चर्चच्या सुताराने लाकडाचे नऊ सोट घासूनपुसून गोल केले, त्यांना सोनेरी रंग दिला आणि उभे केले. गेली एकशे चौदा वर्षं लोक त्या नऊ लाकडांकडे बघून डोळे पुसतायत. तुला हे लहानपणापासून माहीत असणार. मला त्रेपन्नाव्या वर्षी कळलं.

मग भातेवाल्यांचा काळ. वीज येण्यापूर्वी मागे एक माणूस हाताने भाता हलवायचा आणि पुढे ऑर्गन वाजायचा. मागच्या भिंतीवर या भातेवाल्यांनी पेन्सिलीने जे लिहून ठेवलंय ते समग्र छापावं असं माझं मत आहे, समितीचं नाही. नमुना: "आज प्रवचन लांबलं. मला झोप लागली. भाता रिकामा. गाणं अर्ध्यात बसलं. पाळक रागावले. मी म्हणालो, प्रवचन आवरा." त्याखाली दुसऱ्या अक्षरात: "याला काढून टाकला. मी नवा." आणि त्याखाली, दोन वर्षांनी, त्याच नव्याच्या अक्षरात: "त्याचं बरोबर होतं."

मग विजेची मोटर. मग नळ्यांचे सूर लावणारे ट्यूनर, म्हणजे आपले बाबा, चौतीस वर्षं. त्यांचं काम सामान्य वाचकाला कळावं म्हणून मी असं लिहिलं आहे, जरा डोळ्याखालून घाल:

"ऑर्गनात नळ्यांच्या रांगा असतात. एकेका रांगेचा एकेक आवाज, आणि प्रत्येक रांगेची वाजवणाऱ्याच्या हाताशी एक लाकडी खुंटी. खुंटी ओढली की ती रांग बोलू लागते. या साऱ्या रांगा एकमेकींशी जुळाव्यात म्हणून एक रांग प्रमाण मानतात आणि बाकीच्या तिच्यावरून लावतात. या चर्चचे ट्यूनर त्या रांगेला 'मुकादम' म्हणत. कामाला माणसं दोन लागतात. जुळवणारा पेटाऱ्याच्या आत, नळ्यांमध्ये. वाजवायची पट्टी दाबून धरणारा बाहेर. मुकादमाचा स्वर आणि नव्या नळीचा स्वर एकत्र धरला की दोघांत आधी भांडण ऐकू येतं, एक थरथर. नळी जुळली की भांडण थांबतं. मग आतून आवाज येतो, 'पुढची!'"

पट्टी धरणारी म्हणून तुझा उल्लेख केला आहे. "त्यांची मुलगी, जिचा कान ते तराजूच्या काट्यासारखा मानत." बाबा तुला "काटा" म्हणायचे ते यात आलं.

त्यानंतरच्या काळात बासरीच्या आवाजाची नवी रांग ओलीमुळे बिघडून बरीच वर्षं बंद राहिली, आता ती दुरुस्त होत आहे, असं लिहून प्रकरण संपवलं आहे.

तुझ्या दवाखान्यात लोकांचे कान तपासणं कसं चाललंय? पुढच्या वर्षी निवृत्त होशील. मग काय ऐकणार?

तुझा,
पंडित

*

सोमवार, १७ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. गुडघा सुधारला. मागची बाकी धरून नऊ अंगं जमा करून घे.

तुझं कार्ड आलं. एवढ्या मोठ्या कार्डावर दोनच शब्द: "ओल कुठली?" खाली सहीसुद्धा नाही. इतकं मोजकं लिहिण्याला आमच्यात सूत्र म्हणतात, आणि त्यावर भाष्य लिहिता लिहिता पुढच्यांचे जन्म जातात. माझाही जाईल असं दिसतं. ओलीचं पाहतो. जुने कागद काढायला सांगितले आहेत.

दरम्यान एका माणसाची ओळख करून देतो. त्याला सगळे "डाखवाले" म्हणतात, कारण तो नळ्यांना डाख देतो, म्हणजे जोडतो. सत्तरीचा असेल. माणसांशी बोलताना कंटाळलेला, नळ्यांशी बोलताना मायाळू. परवा तो बासरीच्या नळ्या बघत बसला होता. एकेक उचलायचा, मापायचा, ठेवायचा. शेवटी मला हाक मारली.

"या कुणी कापल्या?"

"आमच्या बाबांनी. नवी रांग बसवली तेव्हा. का?"

"नवी नळी जरा लांबच करतात, सर. मग जागेवर बसवून, ऐकून, लागेल तेवढी वरून कापायची. तशा या कापल्यात. हात फार चांगला होता तुमच्या वडलांचा."

"मग बिघडलं काय?"

"सगळ्या आखूड, म्हणजे चढ्या. बेचाळीसच्या बेचाळीस. आणि लहान घ्या, मोठी घ्या, त्याच प्रमाणात आखूड." त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "चुकणारा माणूस असा चुकत नाही. तो कुठे जास्त चुकतो, कुठे कमी. हा माणूस बरोबर कापत होता. त्याला ज्यावरून कापायला सांगितलं होतं, ते चढं होतं."

मी इतिहासकाराच्या गांभीर्याने विचारलं, "ओलीने नळी आखूड होऊ शकते का?"

त्याने नळी माझ्यापुढे धरली. "धुतल्यावर आटायला तो काय सदरा आहे?"

तेव्हा ओलीबद्दल तज्ज्ञांचं मत हे असं आहे. नोंद करून ठेवली.

आता तो प्रत्येक नळीला वरून बोटभर पत्र्याचं कडं जोडतोय. मुद्दाम जरा जास्त लांब ठेवणार, म्हणजे जागेवर बसवून पुन्हा ऐकून कापता येईल. मी विचारलं, "जोड दिसेल?" म्हणाला, "दिसणारच. दिसू नये असा केला तर सुटतो."

शुक्रवारी त्याने मुकादमाच्या नळ्या उचलल्या. त्यांच्या मागची फळी बाबांच्या वेळेपासून कुणी पाहिली नव्हती, बाहेरगावचा ट्यूनर येतो तो नळ्या न हलवता काम करून जातो. फळीवर पेन्सिलीने बाबांचं अक्षर. "इथे पाय देऊ नये." "उंदीर." "पुन्हा उंदीर." "मांजर आणली. मांजर झोपते." तुला हसू येईल. खाली उजव्या कोपऱ्यात आणखी एक ओळ आहे. पुसट झाली आहे, मला वाचता आली नाही.

बाकी क्षेम. खुर्चीने पाय मोडून घेतला. तिच्या जागी दुसरी आली आहे, ती गप्प आहे. तिच्यावर बसून एक ओळ सुचत नाही.

तुझा,
पंडित

*

रविवार, २ मार्च

ताई,

तुझं दुसरं कार्ड. यावेळी सहा शब्द. "ताम्रपट वाचतोस. बाबांचं अक्षर येत नाही?"

येतं. त्याच शुक्रवारी, फळी समोर आल्या क्षणीच आलं होतं. डाखवाल्यानेही वाचलं. तो म्हणाला, "हे कुणाबद्दल आहे?" आणि मी म्हणालो, "कल्पना नाही." म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षीही माझी जीभ तिथेच वळली जिथे बाविसाव्या वर्षी वळली होती. मग घरी येऊन तुला ते मांजरीचं वगैरे लिहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी रीत तुला नवी नाही.

ती ओळ अशी आहे: "दिवा इथे ठेवू नये. मुकादम तापतो. काट्याने बरोबर ओढलं होतं." खाली तारीख. त्या रविवारनंतरचा अकरावा दिवस.

आता सरळ लिहितो. तुला माहीत असलेलंही लिहितो, कारण हेच पान मी चोपडीत दिलं आहे आणि ते तू आधी वाचायला हवं होतंस.

शनिवार होता. बासरीच्या नव्या रांगेतल्या वरच्या बेचाळीस नळ्या कापायच्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ती सगळ्यांसमोर पहिल्यांदा वाजणार होती. तू बाहेर पट्टीवर. बाबा आत, बासरीपाशी, हातात कात्री. मी त्यांच्यामागे, हत्यारं द्यायला आणि दिवा धरायला. माझी परीक्षा दहा दिवसांवर होती. मी पुस्तक नेलं होतं. दिवा म्हणजे तो दोनशेचा बल्ब, जाळीतला, लांब वायरचा. बाबांना उजेड हवा होता आणि मलाही. मी तो हळूहळू माझ्याकडे ओढत गेलो. शेवटी मुकादमाच्या नळ्यांच्या बुडाशी एक खाच होती, तिथे अडकवून दिला आणि त्याला टेकून पुस्तक उघडलं. बाबा दोनदा म्हणाले, "अरे, इकडे उजेड दे." मी दोनदा म्हणालो, "देतो." मग ते खिशातल्या बॅटरीवर काम करू लागले.

नळी तापली की तिचा स्वर चढतो. ट्यूनरच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. म्हणून तर बाबा नळीला उघडा हात लावू द्यायचे नाहीत. मला ते ठाऊक होतं. तीन तास मी बसल्या जागी मुकादम शेकत होतो आणि धातुरूपं पाठ करत होतो.

तू बाहेरून म्हणालीस, "बाबा, मुकादम चढतोय."

बाबा म्हणाले, "मुकादम चढत नाही. बाकीच्यांना चढवतो. पट्टी धर."

थोड्या वेळाने तू पुन्हा म्हणालीस. बाबा ओरडले, "काट्या, बोलू नकोस, ऐकू दे!" मग तू बोलली नाहीस. बाबांच्या खिशात तो स्वरांचा चिमटा होता, कायम एकच नेमका स्वर देणारा. एकदा काढून वाजवला असता तरी कळलं असतं. रोज काढायचे. त्या दिवशी घाई होती.

रविवारी सकाळी नळ्या थंड झालेल्या. मुकादम आपल्या जागी आला होता. बासरी मात्र कापली गेली होती, ती कुठे येणार? पहिल्या ओळीला तेव्हाच्या ऑर्गनबाईंनी दोन्ही रांगा एकत्र सोडल्या, आणि जो आवाज झाला त्यावर मागच्या बाकांवरून कुणीतरी हसलं. ते हसणं बाबांनी ऐकलं. मीही.

दुपारी घरी बाबांनी हिशोब मांडला. मुकादमाच्या खुंटीशेजारची खुंटी "लहरी"ची. ती रांग मुद्दामच किंचित चढी ठेवतात, आवाज थरथरावा म्हणून. तेव्हा पट्टीवरच्याने मुकादमाऐवजी लहरी ओढली असली तरच बेचाळीस नळ्या अशा सारख्या प्रमाणात आखूड होतील. तर्क बिनतोड होता. फक्त खोटा होता.

तू म्हणालीस, "मी मुकादमच ओढला होता."

"मग हे कसं झालं?"

तू माझ्याकडे वळलीस. "तू आत होतास ना? सांग ना यांना, मी दोनदा म्हणाले चढतोय म्हणून."

आणि मी म्हणालो, "मला त्यातलं काय कळतंय? मी वाचत होतो."

ताई, 'मी वाचत होतो' या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. मी आयुष्यभर मुलांना वाक्यांचे अर्थ लावायला शिकवत आलोय, आणि इतकं खरं बोलून इतकं खोटं सांगणारं दुसरं वाक्य मला आढळलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. बाबांनी समितीला सांगितलं, मुलीची चूक झाली. बासरीच्या खुंटीवर 'बंद' म्हणून कागद चिकटवला. तुला पुन्हा पट्टीवर बसवलं नाही. त्यांच्यानंतर हे काम तुझं होतं, सगळे तेच धरून चालले होते, तीन महिन्यांनी तू दुसऱ्या शहरात निघून गेलीस. मी परीक्षेत पहिला आलो. बाबांच्या शेवटाला तू आलीस तेव्हा मागच्या ओळीत उभी होतीस, आणि मला वाटलं, बाबांनी तुला शेवटपर्यंत चुकीचं समजलं याचं ओझं तेवढं माझ्या एकट्याचं. तर तेही नाही. त्यांना अकराव्या दिवशी कळलं होतं. त्यांनी ते नळ्यांमागे लिहिलं, जिथे फक्त ट्यूनर बघेल, आणि पुढचा ट्यूनर त्यांनीच घराबाहेर घालवला होता. त्यांनी गप्प का राहावं? चिमटा काढला नव्हता म्हणून, की मला वाचवायचं होतं म्हणून, मला ठरवता येत नाही. दोन्ही पाठ शक्य आहेत. मी त्यांना दोष देण्याच्या जागेवर उभाही नाही.

तर "ओल" हा माझ्या इतिहासातला प्रक्षिप्त भाग आहे. तो काढून टाकला आणि वरचं सगळं अकराव्या पानावर लिहून बुधवारी समितीपुढे ठेवलं.

चिटणिसांनी वाचून चष्मा पुसला. "सर, आम्ही इतिहास मागितला होता."

"तोच आहे."

"हा कबुलीजबाब आहे."

"मग एकात दोन झाले."

"लोक येणार आनंदाने. त्यांच्या हातात हे? एक ओळ पुरे होती. 'काही काळ बंद होती.' झालं."

"काही काळ म्हणजे एकतीस वर्षं. आणि बंद होती नव्हे, बंद केली. आणि जिच्या नावावर केली तिने काही केलं नव्हतं. हे पान राहील, नाहीतर उरलेली एकवीस पानंही मी घरी नेतो. तेविसाव्या पेटीसकट."

आताच्या ऑर्गनबाईंनी पान पुढे ओढून घेतलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी वाजवायला माझी आई होती. लोक हसले ते तिलाच हसले असं तिला मरेपर्यंत वाटत होतं. पान ठेवा."

पाळकसाहेबांनी मला एकच विचारलं. "हे बहिणीला माहीत आहे?"

मी म्हणालो, "लिहायचंय."

"का? एकतीस वर्षं पोस्ट बंद होतं?"

म्हणून आज रविवारी हे पत्र.

पुढचा विषय बासरी कापण्याचा निघाला. बाहेरगावचा ट्यूनर २० तारखेला येणार, तोच कापून देईल, असं चिटणीस म्हणाले. मी नाही म्हणालो. बाकीचा सगळा ऑर्गन त्याने लावावा, माझी हरकत नाही. या बेचाळीस नळ्या माझी बहीण कापेल. नाहीतर त्या तशाच लांब राहतील आणि खुंटीवर कागद चिकटवलेला राहील, त्यावर या वेळी कारण लिहून.

"ही मनमानी आहे, सर."

"हो."

"आणि त्या आल्याच नाहीत तर?"

"तर पान आहे."

पेटाऱ्याच्या आतल्या दाराची किल्ली माझ्या खिशात आहे. चिटणिसांनी ती तीनदा मागितली. तिन्ही वेळा मी त्यांना संस्कृत सुभाषित ऐकवलं, तिन्ही वेळा निराळं, तेव्हापासून ते मला लांबूनच नमस्कार करतात. शिक्षण वाया जात नाही ते असं.

तेव्हा बेत असा आहे. २० ते २९ मार्च. काम फक्त दिवसा, खिडक्या उघड्या, आत दिवा नाही, मी नाही, पुस्तक तर नाहीच. डाखवाले म्हणतात तू असशील तर ते हत्यारं द्यायला स्वतः उभे राहतील. त्यांनी बाबांची कात्री धार लावून ठेवली आहे. तू आत, मी बाहेर पट्टीवर. गेला आठवडाभर कॉलेज सुटल्यावर मी मुक्या पट्ट्यांवर सराव करतोय. पट्टी धरायची, बोलायचं नाही, "पुढची" येईपर्यंत बोट उचलायचं नाही. वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे हे. बोट दुखतं आणि मन भलतीकडे जातं. तू नऊ वर्षं हे कसं करत होतीस? दर वेळी मी दोन्ही खुंट्या बघून घेतो, मुकादम, लहरी. त्या मुळीच सारख्या दिसत नाहीत. एक गोल आहे आणि एक चौकोनी. आंधळ्याचीही चूक होणार नाही. बाबांना हे माहीत होतं. मलाही, तेव्हासुद्धा.

तू रागाने आलीस तरी चालेल. काम करून न बोलता निघून गेलीस तरी चालेल. तिकीट काढून पाठवणार होतो, पण तू ते फाडशील, तेव्हा ते तुझ्यावर सोडतो.

आता एकच उरलं. हे पत्र इथवर यायला तीन दिवस लागले ते याच्यामुळे.

गुरुवारी माळ्यावरून ते पुस्तक काढलं. त्या दिवशी दिव्याला टेकवलेलं. त्याच्या पुठ्ठ्यावर पोळल्याचा डाग पडला होता, बल्बच्या जाळीच्या रेघांसकट. शनिवारी घरी आल्यावर मी ते इतर पुस्तकांच्या खाली घातलं होतं. सोमवारी सकाळी टेबलावर होतं, नवं खाकी कव्हर घालून. घरातल्या पुस्तकांना कव्हरं आई घालायची. मी सुटकेचा श्वास टाकला आणि पुन्हा कधी विचार केला नाही. परीक्षा झाली, नोकरी लागली, पुस्तक माळ्यावर गेलं.

गुरुवारी ते कव्हर उघडलं. डाग तसाच आहे. पण आई कव्हराला डिंक लावायची, ताई. या कव्हराला डिंकाचा थेंब नाही. कोपरे तीनदा दुमडून आत खोचले आहेत. तशी घडी घरात एकटी तू घालायचीस.

म्हणजे रविवारी दुपारी बाबा तुला बोलले, तू मला "सांग ना" म्हणालीस, मी वाचत होतो म्हणालो. आणि त्यानंतर, सोमवार उजाडायच्या आत केव्हातरी, तू बसून हे कव्हर घातलंस.

मला चिटणिसांची काळजी नाही. ३० तारखेचीही नाही. तू येशील की नाही, याचीसुद्धा खरं सांगतो, तितकी नाही. मला भीती एवढीच वाटते की तू तो डाग पाहिला होतास. तुला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, आणि तू काहीच न बोलता निघून गेलीस.

तुझा भाऊ